माझ्या गालावरची पेन्सिल

मित्रांनो, मी एक जुनी निगेटिव्ह आहे. काचेची, तुमच्या वहीच्या अर्ध्या पानाएवढी. आणि आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. गोडगोड गोष्ट ऐकायची असेल तर खुशाल दुसरीकडे जा. एखादी छत्री किंवा शाळेचा बाक तुम्हाला आपली कहाणी सांगून डोळ्यांतून पाणी काढेल. मला बावीस वर्षं तोंड दाबून पेटीत बसवलं होतं. आता मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात.

निगेटिव्ह म्हणजे काय, हे तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नसेल. तुम्ही फोन उचलता, बोट टेकवता, झाला फोटो. आमच्या वेळी तसं नव्हतं. आधी काचेवर उलटं चित्र उमटायचं. पांढरं ते काळं आणि काळं ते पांढरं. केस पांढरेफटक, दात काळेकुट्ट. मुलं आम्हाला उजेडासमोर धरून "भूत, भूत" करतात. करा बापडे. पण माझ्याखाली कागद ठेवून वरून दिवा लावला की त्या कागदावर खरा फोटो उतरतो. एका काचेवरून शंभर फोटो निघतात. माझ्यात जे असेल तेच त्या शंभरांत जाणार. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझ्या संतापाचं मूळ इथेच आहे.

मला एका कारखान्यात मोठ्या काचेतून कापलं. माझ्या एका अंगावर चांदीचा क्षार मिसळलेला सरस पसरला, वाळवला आणि आम्हा बारा बहिणींना काळ्या कागदात गुंडाळून पेटीत भरलं. उजेडाचा एक किरण जरी शिरला असता तरी बाराजणींचं आयुष्य फुकट गेलं असतं. पेटी उघडली ती फोटो स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली. लाल उजेड आम्हाला चालतो, कारण आमच्यासारख्या काचांना लाल रंग दिसतच नाही. लाल वस्तू आम्हाला काळी दिसते. हे माझं व्यंग आहे, मी लपवत नाही.

त्या स्टुडिओत दोन माणसं होती. एक मालक. उंच, बोलघेवडा, कॅमेऱ्यामागे उभा राहून रडक्या माणसालाही हसवणारा. दुसरा टोक्या. त्याचं खरं नाव घरच्यांनाही आठवत नसेल. तो दिवसभर पेन्सिलीला टोक काढत बसायचा म्हणून टोक्या. पडद्यामागे त्याचं उतरतं मेज होतं. मेजाला मध्ये खिडकी, खिडकीखाली आरसा. खिडकीवर काच ठेवायची, आरशातून उजेड वर यायचा आणि टोक्या भिंग लावून आमच्यावर पेन्सिल फिरवायचा.

कशाला, विचारा ना. चेहरे साफ करायला. माणसाच्या तोंडावर तीळ असला, व्रण असला, देवीचे खड्डे असले, की काचेवर ती जागा फिकी, आरपार राहते. तिथून उजेड जातो आणि कागदावर काळं उमटतं. टोक्या त्या जागेवर राळेचं पातळ तेल चोळायचा, म्हणजे पेन्सिल धरते, आणि सुईसारख्या टोकाने ती जागा भरून टाकायचा. उजेड अडला, डाग गेला. गिऱ्हाईक खूश. त्या गावात असा एकही माणूस नव्हता ज्याच्या नाकावरचा तीळ टोक्याने पोटात घातला नव्हता.

मालकाच्या दुकानात एक रीत होती. अमका चेहरा साफ कर, असं टोक्याला कधी सांगावं लागत नसे. काच घोडीवर, म्हणजे वाळवायच्या लाकडी चौकटीवर, वाळली, की ती टोक्याची. सांगायचं असायचं ते "हिला हात लावू नको" एवढंच. आणि ते सांगायची वेळ कधी आलीच नव्हती.

मग एका सकाळी ती आली.

एकटीच आली. टोक्या अजून कामावर यायचा होता. पंचवीस-सव्वीस वर्षांची असेल. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून हनुवटीच्या कडेपर्यंत लालसर डाग उतरलेला. जन्मखूण. मालकाने नेहमीप्रमाणे स्टूल सरकवलं.

"ताई, तोंड इकडे वळवा. उजवीकडून घेऊ."

"उजवीकडून नको. डावीकडून घ्या."

"अहो, सगळे आपली चांगली बाजू देतात."

"मग मीही तेच करतेय," ती म्हणाली.

मालक हसला. ती हसली नाही. "हे बघा, मला फोटोची हौस नाही. मला पाच महिन्यांची मुलगी आहे. तिच्या गालावर हाच डाग आहे, असाच्या असा. घरात जो येतो तो तिच्याकडे बघून चुकचुकतो. माझी नणंद तर रोज हळद काय लावते, साय काय लावते. उद्या ही मुलगी आरशात बघायला लागेल. तेव्हा तिला कळलं पाहिजे, हा गाल कुणाचा आहे ते. तिच्या उशाशी लावायचाय हा फोटो. डाग दिसलाच पाहिजे."

 मालक कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाखाली शिरला. मी कॅमेऱ्यात होते. झाकण उघडलं आणि ती सगळीच्या सगळी माझ्यात आली. ताठ मान, मिटलेले ओठ, आणि डावा गाल कुणाला भीत नसल्यासारखा पुढे केलेला. लाल न दिसण्याच्या माझ्या व्यंगामुळे डाग जरा जास्तच गडद आला, पण आला. त्या पेटीतल्या बाराजणींत माझ्यासारखं भाग्य कुणाचं नव्हतं. एका आईचा निरोप माझ्याकडे होता आणि तो मला तिच्या मुलीपर्यंत पोचवायचा होता. बस, एवढंच काम.

दुपारी मालक लग्नाच्या कामाला बाहेरगावी गेला, आठ दिवसांसाठी. मला धुऊन घोडीवर वाळत ठेवलं, स्वतःच ठेवलं, आणि पिशवी उचलून निघून गेला. टोक्याला सांगायला विसरला. तोंडातून चार शब्द काढायचे होते, तेवढे जमले नाहीत.

टोक्याने मला उचललं, मेजावर ठेवलं आणि भिंगातून बघून म्हणाला, "अरेरे, बिचारी."

मित्रांनो, त्या "बिचारी"ने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन दिवस त्याने माझ्या गालावर पेन्सिल फिरवली. बारीक बारीक टिंबं, एकाशेजारी एक, हजारो. मी काच आहे, मला हात नाहीत, मला ओरडता येत नाही. तो बिचारा जीव ओतून काम करत होता, हेच तर संतापजनक. त्याला वाटत होतं तो पुण्य करतोय. तिसऱ्या दिवशी त्याने पाठ सरळ केली आणि समाधानाने मान डोलावली. माझ्यावर आता एक गोरीपान, गुळगुळीत बाई होती. तिला मी ओळखत नव्हते.

मालक परत आला. फोटो बघितला. त्याला सगळं आठवलं, मी त्याच्या तोंडावरून ओळखलं. पण काम बघून तो इतका हरखला, की तोंडातून निघालं ते एवढंच, "टोक्या, काय हात आहे रे तुझा!" आणि मोठी प्रत काढून त्याने ती बाहेरच्या काचेच्या कपाटात लावलीसुद्धा. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी ती आली. चालताना धाप लागत होती, अंगात ताप होता. मालकाने पाकीट पुढे केलं. तिने फोटो काढला, बघितला आणि विचारलं, "ही कोण?"

"तुम्हीच, ताई."

"मी? मी काय सांगितलं होतं तुम्हाला? काय सांगितलं होतं?" तिने काउंटरवर हात आपटला. शाईची दौत उडाली. "हा फोटो मुलीला दाखवू? म्हणजे तिने आयुष्यभर म्हणायचं, आई अशी आणि मीच तेवढी अशी?"

"चूक झाली ताई. कामाच्या गडबडीत..."

"पुसा ते. पुसता येत असेल ना?"

आता नीट ऐका. पेन्सिल पुसता येते. टर्पेंटाइनचा बोळा फिरवला की राळेसकट निघून येते, आणि खाली मी जशी होते तशी असते. ही गोष्ट मालकाला ठाऊक होती. टोक्याला ठाऊक होती. टर्पेंटाइनची बाटली टोक्याच्या मेजावर माझ्यापासून वीतभर अंतरावर होती. मालकाने एकदा बाहेरच्या कपाटाकडे बघितलं, तिथे दोन माणसं त्या मोठ्या फोटोचं कौतुक करत उभी होती. आणि तो म्हणाला, "नाही हो. पेन्सिल एकदा काचेत मुरली की मुरली. आता काही करता येत नाही."

खोटं! धडधडीत खोटं! आणि पडद्यामागे टोक्या बसला होता. त्याने शब्दन् शब्द ऐकला.  मला वाटलं, आता उठेल, आता पडदा बाजूला करेल. त्याने मान खाली घातली आणि पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"मग दुसरा काढा. आत्ता."

"आज उजेड नाही, ताई. बरं वाटलं की पुढच्या आठवड्यात या. तुमच्या मनासारखा काढून देतो."

ती फोटो तिथेच टाकून गेली. पुढचा आठवडा तिला मिळाला नाही. त्याच तापात ती गेली. तेराचौदा दिवसांनी तिची नणंद आली, डोळे सुजलेले, म्हणाली, घरात वहिनीचा एकही फोटो नाही, तुमच्याकडे एक आहे असं ऐकलं. मालकाने पाकीट दिलं. तिने फोटो बघितला आणि पदर तोंडाला लावला. "किती सुंदर आलीय!"

मालक काही बोलला नाही. टोक्या काही बोलला नाही. मी तर काय, काच.

पुढे माझी रवानगी झाली ती मालकाच्या खास पेटीत. त्याच्या आवडत्या फोटोंच्या काचा तो त्यात ठेवायचा. पाहुणे आले की एकेक काढून गोष्ट सांगायचा. माझ्या शेजारी एक शिंपी होता. त्याचा जुळा भाऊ परदेशात. दरवर्षी शिंपी गळ्यात टेप अडकवून फोटो काढायचा आणि भावाला पाठवायचा, आपण म्हातारे कसे दिसायला लागलो ते त्याला कळावं म्हणून. टोक्या दरवर्षी सुरकुत्या पुसायचा. पंधरा वर्षांनी भाऊ आला आणि स्टेशनवर सख्ख्या भावाला ओलांडून पुढे गेला. लोक हसायचे. मला हसू येत नसे. पलीकडे एका लोहाराची आई होती. तिने टोक्याला समोर बोलावून दम भरला होता, "माझी एक सुरकुती जरी कमी झाली तर तुझ्या पेन्सिली चुलीत घालीन." ती एकटीच पेटीत तिच्या स्वतःच्या तोंडाने राहत होती. मला तिचा हेवा वाटायचा.

आणि माझी पाळी आली की मालक म्हणायचा, "हे बघा टोक्याचं सगळ्यात सुंदर काम. इथे हातभर डाग होता, सांगून खरं वाटणार नाही." पाहुणे "वा, वा" करायचे. ज्या गोष्टीने माझं वाटोळं झालं, तिच्यासाठी माझं कौतुक! असलं कौतुक शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

वर्षं गेली. काचा बंद झाल्या, मग फिल्मची रिळंही बंद झाली. मालक गेला. त्याच्या मुलीला हा धंदा करायचा नव्हता, तिने दुकान आवरायला काढलं. तिचं तरी काय चुकलं? हजारो काचा ठेवायच्या कुठे? मागच्या मोरीत गरम सोड्याच्या पाण्याचा टब भरला. काचा त्यात बुडवायच्या, घासायच्या, चेहरे निघून गेले की कोरी काच फ्रेमवाल्याला द्यायची. दिवसभर घासण्याचा आवाज येत होता. आमची पेटी टबाशेजारच्या स्टुलावर होती. वेगळं काही ठेवण्यासारखं आहे का, हे सांगायला मालकाच्या मुलीने टोक्याला बोलावलं होतं. आता तो टोककाका झाला होता. केस गेलेले, हात थरथरणारे.

त्या दिवशी एक मुलगी दुकानात आली. डाव्या गालावर केसांचा पडदा ओढलेला. तिने एक फोटो काढला, ओल लागून कडा उडालेला.

"ह्याची नवी प्रत मिळेल का? माझी आई आहे. घरात एवढा एकच आहे."

टोककाकांनी फोटो बघितला. मग मान वर करून तिच्याकडे बघितलं. ती खाली वाकली तसे केस सरकले होते.

"बघून झालं असेल तर निगेटिव्ह शोधता का?" ती फटकन म्हणाली. आयुष्यभर लोकांचं बघणं सोसलेल्या माणसाचा आवाज होता तो.

"आईवर गेलीस," ते पुटपुटले.

"थट्टा नको, काका. आई आरशासारखी लख्ख आणि ही कुणावर गेली कोण जाणे, हे ऐकतच मोठी झालेय मी. मी तर स्वतःचा फोटोसुद्धा काढत नाही. तिच्या शेजारी लावायची लाज वाटते. निगेटिव्ह आहे की नाही, तेवढं सांगा."

बोला! बोला की आता! मी पेटीत तडकायची बाकी होते. आणि तो म्हातारा काय म्हणाला असेल? "काचा धुवायला गेल्या. आता काही करता येत नाही."

तेच शब्द. त्याच दुकानात, आधी आईला आणि आता मुलीला. मला माणसांची शिसारी आली.

मुलगी वळली. दाराच्या पायरीवर तिचा पाय पडला, आणि मागून हाक आली. "पोरी, थांब. खोटं बोललो मी." टोककाका काउंटर सोडून पुढे आले. "आत्ताही बोललो आणि तेव्हाही... तेव्हा गप्प बसलो."

मग खुर्चीवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. तिची आई काय म्हणाली, मालक काय म्हणाला, आपण पडद्यामागे काय केलं. ती उभ्यानेच ऐकत होती. रडली वगैरे नाही.

"पुसता येत होतं?" तिने विचारलं.

"हो."

"आता?"

"आता पण येतं."

"मग बसलात काय? पुसा ना!"

त्यांनी मला पेटीतून काढलं. हात इतके कापत होते की मी सुटतेय की काय असं वाटलं. तिने मला त्यांच्या हातातून घेतलं, कडांना धरून मेजावर घट्ट दाबलं. "मी धरते. तुम्ही पुसा." टर्पेंटाइनचा वास आला. गार बोळा माझ्या गालावरून फिरला, एकदा, दोनदा, पाचदा. बोळा राखाडी झाला. दुसरा घेतला. पेन्सिलीचे ते हजारो ठिपके उतरत गेले आणि खालून ती वर आली.

मित्रांनो, चार मिनिटं लागली. भिंतीवर घड्याळ होतं, मी बघितलं. चार मिनिटांचं काम होतं ते.

मग अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावला. दुकानात उरलेल्यातला एक कागद माझ्याखाली ठेवून क्षणभर वरचा दिवा लावला आणि तो औषधाच्या ट्रेमध्ये सोडला. मुलगी वाकून बघत होती, केस औषधात जायला लागले म्हणून तिने ते मागे बांधून टाकले. पाण्यातून आधी डोळे आले, मग ओठ, मग तो गाल.

"एवढा काळा नव्हता," टोककाका म्हणाले. "ह्या काचेला लाल दिसत नाही. लालसर होता. तुझ्यासारखाच."

तिने फोटो ट्रेमधून उचलून जवळून बघितला. मग म्हणाली, "बावीस वर्षं, काका." ते "हो" म्हणाले. माफ केलं वगैरे तिने म्हटलं नाही आणि त्यांनीही मागितली नाही. तिने मला वर्तमानपत्रात गुंडाळलं, ओला फोटो दोन बोटांत धरला आणि तडक घरी गेली.

घरी आत्या भाजी निवडत होती. हीच ती नणंद. तिनेच ह्या मुलीला वाढवलं, तापात रात्री जागून काढल्या, हे खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. मुलीने फोटो तिच्यासमोर ठेवला. आत्याच्या हातातली भाजी तशीच राहिली.

"तुला माहीत होतं, आत्या."

"अगं..." आत्याने पदराला हात पुसले. "तुझ्या चांगल्यासाठीच गं. गेलेल्या माणसाचं व्यंग कशाला उगाळायचं? आणि मला वाटलं, डाग तिच्याकडून आला हे कळलं तर तुला आईचा राग येईल."

"मला आईचा राग कधीच आला नसता," मुलगी म्हणाली. "पण ते कळलं नाही म्हणून मी माझाच राग केला. रोज, आरशासमोर. तू शेजारी उभी राहून माझी वेणी घालायचीस, आत्या. तेव्हा एकदा तरी सांगायचंस."

आत्या रडायला लागली. मुलीने तिच्या पाठीवर हात ठेवला, पण डोळ्यांतला राग तसाच होता. तिने नवा फोटो भिंतीवर लावला. आत्या जुना काढायला उठली, तर म्हणाली, "राहू दे तो. दोन्ही राहू देत. काय केलं होतं ते दिसू दे सगळ्यांना."

मी आता तिच्या कपाटात आहे, कापडात, काचेला काही लागणार नाही अशी. तुम्हाला वाटत असेल, निरोप पोचला, आता हिचा राग गेला असेल. नाही गेला. ती लहान होती, शाळेत जाताना आरशासमोर स्वतःचाच राग करायची, तेव्हा हा फोटो तिच्या उशाशी असायला हवा होता. ते दिवस मी आता कुठून आणून देऊ?

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या फोटोंना जपा. मागे नावं लिहा. कोण आहे, कुठे काढला, त्या दिवशी काय झालं होतं, हे घरच्या म्हाताऱ्यांना आजच विचारा, पिच्छा पुरवून विचारा. आपल्या माणसांचे चेहरे आहेत तसे राहू द्या, तुमच्या फोनवरही. आणि एखाद्या माणसासमोर कुणी खोटं बोलत असेल आणि खरं तुम्हाला ठाऊक असेल, तर पेन्सिलीला टोक काढत बसू नका. तोंड उघडा. तेव्हाच उघडा, त्या माणसाचा पाय दाराबाहेर पडायच्या आत.